वाचकांचे प्रश्न : जमीन नावावर आली, शेतीचे काय झाले?

१९८९ ते १९९१ या काळात पूर्व युरोपातील आणि सोविएत संघातील समाजवादी राजवटी संपल्या आणि सामूहिक शेतीत गेलेली जमीन पुन्हा खासगी हातांत देण्याचे प्रचंड काम त्या देशांनी अंगावर घेतले. या विषयावर आम्ही वाचकांकडून प्रश्न मागवले होते. आलेली बहुतेक पत्रे गोव्यातील डिचोली, सत्तरी, फोंडा, पेडणे अशा तालुक्यांतून, म्हणजे कूळ कायदा आणि मुंडकार (जमीनमालकाच्या जमिनीवर घर करून राहणारा) कायदा ज्यांच्या घरात प्रत्यक्ष येऊन गेला आहे अशा वाचकांची आहेत. त्यामुळे प्रश्नांचा रोख नेमका आहे. पत्रे थोडी संक्षिप्त करून येथे दिली आहेत.

शाळेत आम्ही शिकलो आणि पुढे शिकवलेही की समाजवादी देशांत सगळी जमीन सरकारची होती. मग राजवट गेल्यावर ती कोणाला, आणि कोणत्या न्यायाने दिली?
— एक निवृत्त शिक्षक, डिचोली

सगळी जमीन सरकारची, हे सोविएत संघाबाबत बरोबर आहे. तेथे १९१७ च्या हुकमाने जमिनीची खासगी मालकीच रद्द करण्यात आली होती. इतर देशांत मात्र परिस्थिती वेगवेगळी होती. पोलंडमध्ये सामूहिकीकरणाचा प्रयत्न १९५६ नंतर जवळजवळ सोडून देण्यात आला आणि सुमारे तीन-चतुर्थांश शेतजमीन अखेरपर्यंत शेतकरी कुटुंबांकडेच राहिली. युगोस्लाव्हियाने १९५३ मध्ये सक्ती थांबवली, पण खासगी शेतजमिनीवर दहा हेक्टरांची मर्यादा घातली. चेकोस्लोव्हाकिया आणि पूर्व जर्मनीत कागदावर शेतकऱ्याचे नाव तसेच राहिले. मात्र त्या जमिनीत काय पेरायचे, ती कोणी कसायची, हे ठरवण्याचा कोणताही अधिकार त्या नावाला उरला नव्हता. रोमेनियात १९४९ ते १९६२ या काळात गावोगाव प्रवेश-अर्जांवर सह्या घेऊन जमीन सामूहिक संस्थेकडे गेली. अर्जात 'स्वेच्छेने' असे लिहिलेले असे, आणि सही न करणाऱ्याला मारहाण, अटक किंवा मुलांना शाळेतून काढून टाकण्याची धमकी मिळत असे.

परत देताना न्याय कोणता लावायचा, यावर प्रत्येक देशाने वेगळा निर्णय घेतला. एस्टोनियाने १९४० मधील मालक आणि त्यांचे वारस हा निकष धरला. बल्गेरियाने १९९१ च्या कायद्याने सामूहिकीकरणापूर्वीच्या मालकांना जमीन परत देण्याचे ठरवले आणि पुढच्या वर्षीच्या दुरुस्तीने शक्य तेथे जुन्या हद्दींसह देण्यावर भर दिला. हंगेरीने जमिनीऐवजी भरपाईची कूपने दिली. ती घेऊन लिलावात बोली लावायची होती, आणि ज्या पेन्शनरांना शेती करणे शक्य नव्हते त्यांनी ती कूपने मिळेल त्या भावाने विकून टाकली. रशियाने आणि युक्रेनने सामूहिक शेताच्या सभासदांना जमिनीचे हिस्से वाटले. जर्मनीने १९४५ ते १९४९ दरम्यान सोविएत लष्करी अमलाखाली झालेली जप्ती मात्र उलटवली नाही, आणि तेथील घटनात्मक न्यायालयाने १९९१ मध्ये ही भूमिका मान्य केली.

या सर्वांत आल्बेनियाचा मार्ग आपल्या वाचकांना ओळखीचा वाटेल. जुलै १९९१ च्या ७५०१ क्रमांकाच्या कायद्याने त्यांनी जुन्या जमीनदारांचा विचार बाजूला ठेवला आणि त्या वेळी सहकारी शेतात राबणाऱ्या कुटुंबांना माणशी सारखी जमीन वाटली. 'कसेल त्याची जमीन' हेच ते तत्त्व. उत्तरेकडील डोंगराळ गावांनी मात्र सरकारी कायदा न मानता आजोबा-पणजोबांच्या हद्दीप्रमाणे जमीन आपापसांत वाटून घेतली, कारण तेथे कोणाचे शेत कोठपर्यंत होते हे गावाला तोंडपाठ होते आणि त्याविरुद्ध जाण्याची कोणाची तयारी नव्हती. मला स्वतःला आल्बेनियाचे तत्त्व अधिक न्याय्य वाटते. पण तत्त्व न्याय्य असूनही पदरी काय पडले, ते पुढे एका उत्तरात येईल.

आमची गावकरी, म्हणजे कोमुनिदाद, हीसुद्धा सामूहिक शेतीच नव्हती का?
— एक वाचक, म्हापसा

नव्हती. कोमुनिदादीची जमीन गावकारांच्या वंशपरंपरागत संस्थेच्या मालकीची असे, शेते लिलावाने खंडाने दिली जात आणि खर्च भागल्यावर उरलेल्या उत्पन्नातून गावकारांना जोण, म्हणजे त्यांचा वाटा, मिळे. शेतात प्रत्यक्ष राबणारा माणूस पुष्कळदा गावकार नसे. सामूहिक शेतात सभासद स्वतः राबत असे, पण काय पेरायचे आणि किती धान्य सरकारला द्यायचे हे वरून ठरून येत असे. दोन्हींत सामाईक गोष्ट एकच : पाणी, बांध आणि वाटा यांची काळजी घेणारी एक संस्था गावात होती. हा मुद्दा महत्त्वाचा आहे आणि पुढे त्याचीच गरज पडणार आहे.

रोमेनियात लोकांना जमीन परत मिळून तीस वर्षे झाली, तरी दावे संपले नाहीत असे वाचले. जमीन गावातच होती, माणसेही गावातच होती, मग एवढे अवघड काय होते?
— एक वाचक, वाळपई

आपला प्रश्न या सगळ्या विषयाचा गाभा आहे, म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो.

रोमेनियाचा १८ क्रमांकाचा जमीन कायदा फेब्रुवारी १९९१ मध्ये आला. कुटुंबामागे जास्तीत जास्त दहा हेक्टर जमीन परत द्यायची, असे त्यात ठरले. (पुढे ही मर्यादा लागवडीच्या जमिनीबाबत पन्नास हेक्टरांपर्यंत वाढवली, आणि ज्यांचे वाटप आधीच झाले होते त्या गावांत सगळे गणित पुन्हा मांडावे लागले.) अर्ज तपासण्याचे काम गावाच्या निवडून आलेल्या प्रमुखाच्या अध्यक्षतेखालील समितीकडे होते. पुरावा म्हणून जुनी नोंदणीची कागदपत्रे चालत, १९५० च्या सुमाराची शेतीची नोंदवही चालत असे, सामूहिक संस्थेत प्रवेश घेतानाचा अर्जही चालत असे, आणि यातले काहीच नसले तर शेजाऱ्यांची साक्ष.

आता या पुराव्यांकडे नीट पाहावे. नोंदवह्या भरल्या गेल्या त्या काळात ज्याच्याकडे जास्त जमीन त्याच्यावर धान्याच्या सक्तीच्या वसुलीचा बोजा जास्त पडत असे, आणि 'श्रीमंत शेतकरी' असा शिक्का बसला की संबंध कुटुंबाचे हाल होत. म्हणून अनेकांनी आपली जमीन मुद्दाम कमी सांगितली होती. बापाला ज्या आकड्याने वाचवले, तोच आकडा चाळीस वर्षांनी मुलांच्या मुळावर आला, कारण समितीपुढे जमीन तेवढीच सिद्ध होत होती. पुढे सामूहिक संस्थांनीही हेक्टरी उतारा चांगला दिसावा म्हणून लागवडीखालचे काही क्षेत्र अहवालात लपवले. म्हणजे एकाच शिवाराचे दोन-तीन आकडे कागदोपत्री होते आणि प्रत्यक्ष जमीन त्यांपैकी कोणत्याच आकड्याशी जुळत नव्हती. गावातले ज्यांना खरे क्षेत्र माहीत होते, म्हणजे संस्थेचे कृषितज्ज्ञ, हिशेबनीस आणि माजी अध्यक्ष, त्यांच्या हाती यामुळे मोठी सत्ता आली. जी जमीन कागदावरच नव्हती ती कोणाला मिळाली हे विचारायलाही कागद नव्हता.

जमीन जिथे होती तिथे ती राहिलीही नव्हती. सामूहिकीकरणात आधी मोडल्या त्या मेरा. बांधावरची झाडे, हद्दीचे दगड, दोन शेतांमधल्या पायवाटा हे सर्व ट्रॅक्टरखाली जाऊन शिवाराचा एकच सलग पट्टा झाला होता. काही ठिकाणी त्यावर गुरांचे गोठे, कालवे, रस्ते उभे राहिले होते. आजोबांची जमीन गोठ्याखाली गेली असेल, तर नातवाला दुसरीकडे जमीन द्यायची, आणि ती दुसरीकडची जमीन आणखी कोणाच्या तरी आजोबांची असणारच. त्यात कायद्याने सामूहिक शेतात काही वर्षे काम केलेल्या भूमिहीनांनाही थोडी जमीन देण्याची तरतूद होती. ती मला योग्यच वाटते, पण त्यामुळे पुष्कळ गावांत हक्कांची बेरीज उपलब्ध जमिनीपेक्षा जास्त झाली. सरकारी शेतांत ज्यांची जमीन गेली होती त्यांना तर सुरुवातीला जमिनीऐवजी त्या कंपनीचे समभाग मिळाले.

मोजणीची साधनेही साधीच होती. दोन पायांचा मोठा लाकडी कंपास घेऊन तो एकेका पावलाने फिरवत शेताची रुंदी मोजायची, ही तेथील खेड्यांतील जुनी पद्धत. चढावर किंवा ढेकळांत कंपास जरा तिरका पडला की प्रत्येक पावलात थोडा फरक पडतो, आणि रोमेनियाच्या ट्रान्सिल्व्हेनिया प्रांतातील डोंगरउतारावर जिथे शेते काही मीटर रुंदीच्या लांब पट्ट्यांसारखी असतात, तिथे पहिल्या पट्ट्यात झालेली चूक शेवटच्या पट्ट्याच्या मालकाला जाऊन भोवते. शेवटच्याला कमी पडले की तो शेजाऱ्याच्या बाजूला नांगराची एक रेघ जास्त ओढतो, आणि तिथून दावा सुरू होतो.

ट्रान्सिल्व्हेनियात ऑस्ट्रियन राजवटीपासूनची चांगली जमीन-नोंदणी होती, मग तिचा उपयोग झाला नाही का, असे कोणी विचारेल. झाला, पण अर्धाच. त्या नोंदी पणजोबांच्या नावावर थांबल्या होत्या. सामूहिक शेतीच्या काळात वारसा नोंदवण्यात कोणाला अर्थ वाटला नव्हता, म्हणून १९९१ मध्ये एका नावामागे वीस-वीस वारस उभे राहिले. आपल्याकडे पोर्तुगीजकालीन नोंदणीचे कागद असलेल्या घरांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

शेतकऱ्यांच्या हाती आधी आले ते तात्पुरते दाखले. पक्का मालकीहक्काचा दस्तऐवज कित्येकांना अनेक वर्षांनी मिळाला, आणि दाखल्याच्या आधारे जमीन कसता येत असली तरी ती रीतसर विकणे किंवा तारण ठेवणे कठीण होते. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २०१० मध्ये रोमेनियाची मालमत्ता परत करण्याची आणि भरपाईची व्यवस्था परिणामकारक नसल्याचा निर्णय दिला. देशभर पद्धतशीर भूमापन करून मालकांना विनामूल्य नोंदणी करून देण्याचा कार्यक्रम २०१५ मध्ये सुरू झाला. वाटपानंतर चोवीस वर्षांनी मोजणी, हा क्रम उलटा होता. आधी मोजणी आणि मग वाटप झाले असते तर निदान निम्मे तंटे टळले असते, असे मला वाटते.

जमीन स्वतःची झाली की माणूस जीव ओतून काम करतो, हे आपण नेहमी ऐकतो. मग तिकडे जमीन वाटल्यावर उत्पादन घटले कसे?
— एक शेतकरी, पेडणे

माणसांनी जीव ओतला नाही असे झाले नाही. त्यांच्या हाती जमीन आली, पण शेती ज्या गोष्टींवर उभी असते त्या गोष्टी आल्या नाहीत.

बल्गेरियात १९९२ मध्ये सामूहिक संस्था मोडीत काढण्यासाठी खास मंडळे नेमली गेली. जमीन मालकांना, आणि जनावरे, यंत्रे, इमारती सभासदांना हिश्शाने, अशी ती विभागणी होती. कापणीयंत्राचा अर्धा हिस्सा कसा घ्यायचा? शे-दोनशे गाईंसाठी बांधलेला गोठा दहा घरांत कसा वाटायचा? बऱ्याच गोष्टी लिलावात कवडीमोलाने गेल्या, काही पडून गंजल्या, आणि घरटी एखाद-दुसरी गाय मिळालेल्या कुटुंबांकडे चारा नव्हता म्हणून जनावरे कसायाकडे गेली. त्याच सुमारास, १९९१ मध्ये, समाजवादी देशांची आपसातील व्यापारसंघटना विसर्जित झाली. बल्गेरियाच्या वाईनला आणि भाजीपाल्याला सोविएत संघ हे हक्काचे गिऱ्हाईक होते, ते गेले. खत, डिझेल आणि बियाणे यांच्या किमती खुल्या झाल्या, आणि धान्याचा भाव त्या प्रमाणात चढला नाही.

सर्वांत मोठे नुकसान पाण्याचे झाले. रोमेनियात समाजवादी काळात सुमारे तीस लाख हेक्टरांना पुरेल एवढी सिंचनव्यवस्था उभी केली होती. ती मोठ्या पंपांवर आणि शेकडो हेक्टरांच्या सलग पट्ट्यांवर बेतलेली होती. पट्ट्याचे तुकडे होऊन प्रत्येक तुकड्याचा मालक वेगळा झाला, तेव्हा एकाला पाणी हवे आणि दुसऱ्याला नको, एक पैसे द्यायला तयार आणि दुसरा शहरात. पंप चालू करणार कोण? पंपघरे बंद पडली आणि लोखंड चोरीला गेले. आल्बेनियात १९९१-९२ च्या अराजकात लोकांनी कालवे, हरितगृहे आणि गोठेसुद्धा मोडले. ज्या राजवटीने त्यांना पिळले होते तिच्या खुणा त्यांना नको होत्या, हा राग समजण्यासारखा आहे. पण त्यानंतर सरासरी हेक्टर-सव्वा हेक्टर जमीन, तीही तीन-चार तुकड्यांत, आणि तिला पाणी नाही, अशा अवस्थेत कुटुंबे उरली. अनेकांनी गाव सोडून राजधानी तिरानाच्या आसपास घरे बांधली.

आपण पेडण्याचे आहात, तेव्हा खाजन शेती आपल्याला माहीत असणार. खाजनात एकट्याचे शेत असे काही नसतेच. नदीचे खारे पाणी अडवणारा बांध आणि भरती-ओहोटीबरोबर उघडझाप होणारी मानस यांवर सगळ्यांची शेते अवलंबून असतात, आणि बांधाला एका ठिकाणी भगदाड पडले की पलीकडच्या शेवटच्या शेतातही खारे पाणी शिरते. पूर्वी ही देखरेख कोमुनिदाद आणि बांधाच्या संघटना करीत. कूळ कायद्यानंतर ती जबाबदारी कुळांच्या संघटनांकडे आली. जेथे त्या संघटना जागत्या राहिल्या तेथे आजही भात पिकते, आणि जेथे त्या नावापुरत्या उरल्या, किंवा मानशीच्या मासळीच्या लिलावातच अधिक रस घेऊ लागल्या, तेथे खाजने खाऱ्या पाण्याखाली पडीक आहेत. कुळाला जमीन मिळणे न्यायाचे होते, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. पण जमीन वाटता येते तसा बांध वाटता येत नाही, आणि जमिनीच्या कायद्याबरोबरच बांधाचा, पाण्याचा आणि औजारांचा विचार ज्या सरकारांनी केला नाही, त्यांनी शेतकऱ्याला अर्धवट सोडले, मग ते सरकार तिरानाचे असो, सोफियाचे असो की पणजीचे.

माझे यजमान आखातात होते आणि शेत मी पाहिले. त्या देशांत मालकी बदलल्यावर बायकांचे काय झाले, हे कोणी लिहीत नाही.
— एक वाचक भगिनी, फोंडा

आपली तक्रार रास्त आहे. सामूहिक शेताच्या काळात खेड्यातील बाईला कामाचे दिवस मोजून स्वतःच्या नावाने मोबदला मिळत असे, पुढे पेन्शनही मिळे, आणि बालवाडी किंवा दवाखाना बहुधा संस्थेच्याच आधाराने चालत असे. संस्था मोडल्यावर हे सर्व एकदम गेले. जमीन परत देताना जुन्या नोंदीवरचे नाव पाहिले जाई, आणि ते नाव बहुतेक वेळा पुरुषाचे असे.

काम मात्र बायकांकडेच राहिले. सोविएत काळापासून प्रत्येक घराला परसातली थोडी जमीन स्वतःसाठी कसण्याची मुभा होती. तेथे बटाटे, कोबी, एखादी गाय, काही कोंबड्या. १९९० नंतर पगार महिनोन्महिने थकले तेव्हा रशियाने याच परसांवर दिवस काढले. त्या दशकात देशातील सुमारे नव्वद टक्के बटाटा अशा घरगुती तुकड्यांतून आला. कुदळ-फावड्याने केलेली ही शेती मुख्यतः बायकांच्या आणि म्हाताऱ्या माणसांच्या श्रमांवर चालली. रोमेनियातून आणि बल्गेरियातून तरुण मंडळी इटली-स्पेनला गेली, त्यांत बायकाही मोठ्या संख्येने होत्या : कोणी वृद्धांची सेवा करायला, कोणी स्पेनमध्ये स्ट्रॉबेरी खुडायला. आखाती देश, तारवावरची नोकरी आणि २०२० पर्यंत पोर्तुगीज पासपोर्टावर इंग्लंड अशी वाट धरलेल्या आपल्या गावांत शेते कोण राखते, हे आपल्या पत्रातच आले आहे.

एका बाबतीत गोव्यातील बाईची बाजू अधिक भक्कम आहे. येथील नागरी कायद्याप्रमाणे वेगळा करार केला नसल्यास विवाहानंतर मालमत्ता पती-पत्नीची समाईक होते, आणि पत्नीच्या संमतीवाचून पतीला स्थावर मिळकत विकता येत नाही. हा हक्क कागदावर आहे; उताऱ्यावर आपलेही नाव लागले आहे की नाही, हे आपण स्वतः पाहून घ्यावे.

परदेशी लोकांनी आणि बड्या कंपन्यांनी जमीन विकत घेऊ नये म्हणून त्या देशांनी बंदी घातली होती ना? तिचा उपयोग झाला का?
— एक वाचक, मडगाव

थोडा झाला. हंगेरीने १९९४ च्या कायद्याने परदेशी व्यक्तींना आणि कंपन्यांना शेतजमीन विकत घेण्यास मनाई केली आणि व्यक्तीसाठी तीनशे हेक्टरांची मर्यादा घातली. लगेच 'खिशातले करार' सुरू झाले : जमीन परदेशी माणसाने घेतल्याचा कागद तारीख न घालता करून खिशात ठेवायचा आणि कायदा बदलला की बाहेर काढायचा. युरोपीय संघात प्रवेश करताना रोमेनियाला आणि बल्गेरियाला सात वर्षांची सवलत मिळाली होती. ती २०१४ च्या आरंभी संपली. पोलंडने २०१६ मध्ये शेतकरी नसलेल्यांना जमीन घेणे अवघड करणारा कायदा केला.

युक्रेनचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. सुमारे ७० लाख खेडूतांना जमिनीचे हिस्से मिळाले, सरासरी चार हेक्टर, आणि २००१ पासून त्यांच्या विक्रीवर बंदी आली. ती तात्पुरती म्हणून घातली होती, पण पुन्हा पुन्हा वाढवत वीस वर्षे टिकली आणि १ जुलै २०२१ रोजी उठली. बंदीमुळे जमीन विकली गेली नाही, हे खरे. पण विकता येत नाही आणि कसायला साधने नाहीत, अशा म्हाताऱ्या मालकांनी ती भाड्याने दिली, आणि हजारो हेक्टरांच्या कंपन्या भाड्याच्या जमिनीवरच उभ्या राहिल्या. भाडे अनेक ठिकाणी रोख नव्हे, तर धान्य, साखर, तेल असे वस्तूंच्या रूपात मिळे. मालकाचे नाव कायम आणि निर्णय दुसऱ्याचा, ही गोष्ट सामूहिक शेतापेक्षा फार वेगळी म्हणता येईल का?

गोव्यात शेतजमीन फक्त शेतकऱ्यालाच विकता येईल असा कायदा २०२३ मध्ये झाला आहे, आणि तो आवश्यकच होता. मात्र भातशेतीतून घरखर्च चालत नसेल तर विक्रीबंदीने शेत वाचते, शेतकरी वाचत नाही.

माझे आजोबा लोरेंसु मार्किशला, म्हणजे आताच्या मापुतोला नोकरीस होते. मोझांबिकही समाजवादी झाला होता. तेथे जमिनीचे काय झाले?
— एक वाचक, कुडचडे

मोझांबिक जून १९७५ मध्ये स्वतंत्र झाला आणि सगळी जमीन राज्याची झाली. पोर्तुगीजांनी सोडलेल्या मळ्यांची सरकारी शेते झाली आणि खेडुतांना सामुदायिक वसाहतींत आणण्याचा प्रयत्न झाला. फ्रेलिमो पक्षाने १९८९ मध्ये मार्क्सवाद-लेनिनवाद सोडला, पण जमिनीची राज्यमालकी सोडली नाही. ती आजही कायम आहे. जमीन विकता येत नाही, गहाणही ठेवता येत नाही. १९९७ च्या कायद्याने मिळतो तो जमीन वापरण्याचा हक्क, आणि त्यात एक फार चांगली तरतूद आहे : एखादा समाज परंपरेने जी जमीन कसत आला आहे, किंवा एखादा माणूस जी जमीन प्रामाणिकपणे दहा वर्षे कसत आहे, तिच्यावरचा हक्क कागद नसला तरी मान्य होतो. गुंतवणूकदाराला पन्नास वर्षांपर्यंत जमीन देता येते, पण आधी गावाशी विचारविनिमय करावा लागतो. ही चर्चा कित्येकदा एखाद्या बैठकीवर उरकली जाते, अशी टीका होते; तरी कागद नसलेल्या माणसाला कायद्याने दारात उभे केले, हे रोमेनियाला जमले नव्हते.

पोर्तुगालमध्येही १९७५ मध्ये अलेन्तेजु प्रांतातील मोठ्या जमीनदारांच्या जमिनी शेतमजुरांनी ताब्यात घेऊन सामूहिक शेते सुरू केली होती. १९७७ च्या कायद्याने त्या जमिनी टप्प्याटप्प्याने जुन्या मालकांकडे परत जाऊ लागल्या.

आमच्या घरी जमिनीच्या १/१४ च्या उताऱ्यावर आजोबांचे नाव कुळाच्या रकान्यात आहे. १९७६ नंतर कूळच मालक झाले असे सर्व जण म्हणतात. मग आम्ही मालक आहोत की नाही? रोमेनियासारखी आमची गत होऊ नये, एवढीच इच्छा आहे.
— एक वाचक, साखळी

१९६४ च्या कूळ कायद्यात १९७६ मध्ये झालेल्या पाचव्या दुरुस्तीने कुळाला जमिनीचा मालक मानले, हे बरोबर आहे. पण मामलेदारांपुढे खरेदीची किंमत ठरून, ती भरून, खरेदीचा दाखला मिळाला आणि त्याप्रमाणे उताऱ्यात फेरफार झाला, म्हणजे हे काम पुरे होते. अनेक कुटुंबांनी कुळाच्या रकान्यातील नावावरच समाधान मानले. आपली परिस्थिती रोमेनियातील तात्पुरता दाखला हाती असलेल्या शेतकऱ्यासारखी आहे : कसायला हरकत नाही, पण हक्क अजून पुरता सिद्ध झालेला नाही.

आजोबांच्या पश्चात वारस किती आहेत याची यादी आधी करावी, परगावी आणि परदेशी असलेल्यांसह. खंडाच्या जुन्या पावत्या, मामलेदार कचेरीतील जुन्या अर्जांच्या प्रती, गावाच्या भूमापनाचा नकाशा हे सर्व एकत्र करावे. शेजारच्या शेतकऱ्यांना बरोबर घेऊन मेर प्रत्यक्ष पाहावी आणि नकाशाशी जुळते का ते तपासावे. जुळत नसेल तर मोजणीसाठी अर्ज करावा, तोही मेर ओळखणारी वडीलधारी माणसे हयात आहेत तोवर. त्यानंतर जाणकार वकिलाच्या सल्ल्याने खरेदीच्या दाखल्यासाठी मामलेदारांकडे जावे. शेत खाजनात असेल तर आपल्या गावातील कुळांच्या संघटनेची वार्षिक सभा केव्हा असते हेही विचारून घ्यावे आणि त्या सभेला जावे.